थोडासा मालक

विमान की ओटा, हा वाद त्या घरात दोन वर्षं चालू होता. कंट्रोलर निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी एका विमान कंपनीचे तीनशे शेअर घेतले. नेमका त्याच पैशांवर बायकोने स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी डोळा ठेवलेला होता. जुना ओटा मधोमध तडकला होता. त्या फटीत एकदा साखर सांडली की मुंग्यांची आठवडाभराची सोय व्हायची. "तुमची कंपनी आभाळात उडते म्हणे," ती ओटा पुसताना म्हणायची, "मी मात्र अजून या फटीतच आहे."

कंट्रोलर हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. चौतीस वर्षं त्यांनी बस स्टँडवरून गाड्या सोडल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली रद्द होणार, कुठल्या ड्रायव्हरची मान कशाने वाकते, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. चौतीस वर्षं माईकवर खणखणलेला आवाज घरात 'चहा झाला का' एवढ्यापुरताच उरला, आणि याचं त्यांना फार वाईट वाटे. शेअर घेतले ते त्या वाईट वाटण्यापोटीच. "आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या सोडल्या," ते म्हणत, "आता एखादी आपली असू दे." तेव्हापासून डोक्यावरून विमान गेलं की ते घड्याळ बघत. "सात मिनिटं लेट," असं म्हणून मालकाच्या काळजीने ते घरात येत.

मुलीने दुसऱ्या शहरात घर घेतलं. ते बघायला जायचं ठरलं तेव्हा बायकोने आपल्या शिकवणीच्या पैशांतून दोन तिकिटं काढली, तीही मुद्दाम त्याच कंपनीची. मग तिने चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवला आणि करार मांडला.

"विमान वेळेवर सुटलं तर शेअरबद्दल मी जन्मात अवाक्षर काढणार नाही. नाही सुटलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर विकायचे आणि गवंड्याला बोलवायचं."

"उशीर किती धरायचा?"

"तुम्ही स्टँडवर किती धरायचात?"

"दहा मिनिटं."

"मग दहाच."

"कबूल," कंट्रोलर म्हणाले.

कबूल करण्यापूर्वी त्यांनी खिडकीतून आकाश बघितलं होतं. ढगाचा ठिपका नव्हता. नंतर त्यांनी मुलीला फोन करून तिकडची हवा विचारली. तीही ठणठणीत कोरडी होती. निघायची जागा कोरडी, पोचायची जागा कोरडी, मधला रस्ता आभाळाचा, म्हणजे खड्डेही नाहीत. टीव्हीवर कुठल्याशा तिसऱ्याच शहरात, समुद्रकिनाऱ्यावर, मोठं वादळ धडकणार असल्याचं सांगत होते. "आपल्या वाटेवर नाही," असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला. सगळ्या जगात ही चूक ज्याने करायला नको होती, त्याच माणसाने ती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर त्यांच्या विमानापुढे पाटीवर लाल अक्षरांत 'रद्द' झळकलं, तेव्हा बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं.

बायकोने पिशवीतून एक कागद काढला आणि त्यावर ओट्याची लांबी-रुंदी लिहायला घेतली.

तेवढ्यात कंट्रोलरांचा फोन वाजला. बायकोचा धाकटा भाऊ होता. हा माणूस जगाकडे टक्केवारीतच बघत असे. ताप आला तरी किती टक्के आला ते सांगे, म्हणून भाचीने त्याचं नाव टक्केमामा ठेवलं होतं.

"भाऊजी, तुमची कंपनी साडेतीन टक्के पडली. वादळात चाळीस विमानं अडकलीयत. विकून मोकळे व्हा."

"उद्यापर्यंत मला विचार करायला वेळ आहे," कंट्रोलर तुटकपणे म्हणाले.

"उद्यापर्यंत कंपनी असेल का?"

कंट्रोलरांनी फोन ठेवला. समोर काउंटरवर एकशे अडतीस प्रवाशांची एकच रांग होती. निदान रांग म्हणून ती सुरू झाली होती. आता तिचं मोहोळ झालं होतं. काउंटरमागे एकटी मुलगी उभी होती. गळ्यात कंपनीचा रुमाल, चेहऱ्यावर कंपनीचं हसू, आणि ते हसू टिकवताना ती रडकुंडीला आली होती.

"खराब हवामानामुळे विमान रद्द झालं आहे," ती म्हणाली.

"कुठंय खराब हवामान?" पुढे उभे असलेले दातांचे डॉक्टर बाहेर बोट दाखवून म्हणाले. "मी घरून निघताना कपडे वाळत घालून आलोय."

"आणि तिकडे माझा भाऊ गच्चीवर ऊन खात बसलाय," तीन बॅगा घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या. "आत्ताच बोलले मी त्याच्याशी. खोटं बोलायला पण काही मर्यादा असते बाई."

"आम्हाला पैसे परत पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण. आत्ता."

"पूर्ण, पूर्ण," मागून सगळे म्हणाले.

कंट्रोलर जागेवरून उठले. एकशे अडतीस तिकिटांचे पैसे परत गेले तर साडेतीनाचे किती टक्के होतील, हा हिशेब टक्केमामा करील. त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरंच होतं. स्टँडवर गाडी रद्द झाली की खिडकीतल्या माणसाची हीच अवस्था होत असे, आणि त्या माणसाला ते कधीही एकटं सोडत नसत.

बायकोने बाही ओढली. "तुम्ही मध्ये पडू नका."

"कसं पडू नको? कंपनी आपली आहे."

हे वाक्य तीन बॅगांच्या बाईंनी ऐकलं. "आपली म्हणजे? तुम्ही मालक?"

आयुष्यात कंट्रोलर खोटं बोलले नव्हते, आणि खरंही पूर्ण बोलायची सवय त्यांना होती. ते म्हणाले, "थोडासा."

"किती थोडासा?"

"तीनशे शेअर."

आकडा कोणाच्याच कानांत शिरला नाही. विमान कंपनीचा मालक पाण्याची बाटली काखोटीला मारून रांगेत उभा सापडायची ही त्या सगळ्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती, आणि ती वाया घालवायला कोणी तयार नव्हतं. क्षणात सगळं मोहोळ काउंटर सोडून कंट्रोलरांभोवती जमलं. एकाला हॉटेलची खोली हवी होती. एकाला मागच्या वर्षी हरवलेली छत्री हवी होती. एका गृहस्थाने तर विमानात पाय लांब करता येत नाहीत म्हणून त्यांना दम भरला आणि तिथेच खुर्चीवर बसून गुडघे कुठे लागतात ते दाखवलं.

दुसरा कोणी असता तर त्याची पाचावर धारण बसली असती. कंट्रोलरांची मान मात्र दोन वर्षांत पहिल्यांदा ताठ झाली. ते काउंटरपाशी गेले आणि मुलीला म्हणाले, "बाळ, तो माईक जरा दे."

"सर, बाहेरच्या माणसाला देता येत नाही."

"मी आतला आहे. थोडासा."

मुलीने एकदा गर्दीकडे बघितलं, विमान कुठे अडकलंय ते त्यांच्या कानात सांगितलं आणि माईक दिला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं," कंट्रोलर म्हणाले, आणि सगळा हॉल गप्प झाला. त्या आवाजात चौतीस वर्षांचा सराव होता. लांबच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कंपनीची वाट बघणारे लोकही आपली पिशवी उचलून उभे राहिले. "इथे ऊन आहे. तिकडे ऊन आहे. बरोबर आहे तुमचं. पण आपल्याला नेणारं विमान काल संध्याकाळी तिसऱ्याच गावी मुक्कामाला गेलं. ते सकाळी तिथून इथे येणार, आणि इथून आपल्याला घेऊन जाणार. तिथे वादळ आहे, म्हणून ते तिथेच बसलंय. मागची फेरी आली नाही, तर पुढची फेरी सुटणार कशी? तुम्ही बसने कधी गेला नाहीत का?"

सगळ्यांना एकदम कळलं. जे त्या बिचाऱ्या मुलीला तासाभरात पटवता आलं नव्हतं, ते मुक्कामाच्या गाडीच्या उदाहरणाने अर्ध्या मिनिटात पटलं. कंट्रोलरांनाही तेव्हाच पटलं, आणि काल टीव्ही बंद केल्याचं आठवून त्यांचे कान तापले. पण माईक हातात असताना माणसाने स्वतःच्या चुका आठवू नयेत.

"कळलं," डॉक्टर म्हणाले, "पण पैसे पूर्ण परत पाहिजेत."

"डॉक्टर, तुमच्याकडे आपल्या कंपनीचे शेअर आहेत का?"

डॉक्टर जरा चपापले. "आहेत दोनशे. त्याचं काय?"

"मग तुम्ही पैसे कोणाकडे मागताय? उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात घालायला रांगेत कशाला उभे राहता? घरीच करा."

लोक हसले. डॉक्टरांनी पैसे मागावेत तर शेअर पडणार, न मागावेत तर तिकीट बुडणार, आणि दोन्हीकडे नुकसान त्यांचंच. ते तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

"आणखी कोणाकोणाकडे शेअर आहेत? हात वर करा. लाजू नका, आज सगळेच पडलेत." अकरा हात वर झाले. "मालक मंडळींनी डावीकडे उभं राहायचं. बाकीचे उजवीकडे. पैसे परत हवे असतील त्यांच्यासाठी मधली खिडकी उघडी आहे, कोणावर सक्ती नाही. पण घाई करू नका. दहा मिनिटांत मी दुसरी सोय सांगतो."

ते बाजूला गेले आणि जुन्या स्टँडला फोन लावला. नंबर पाठ होता. पलीकडे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला नवा कंट्रोलर होता. "साहेब," तो म्हणाला, "तुमचा आवाज ऐकून सरळ उभाच राहिलो बघा. तीन गाड्या आहेत. जादा म्हणून सोडतो. पाच तासांत पोचतील. पण भाडं?"

भाड्यासाठी काउंटरवरच्या मुलीने वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांच्या मागे दहा फोन वाजत होते.

"तुझ्याकडे ऊन आहे ना?" साहेब ओरडले. "मग तुझं तूच बघ. बस कर, ट्रक कर, काही कर. फक्त पैसे परत देऊ नकोस."

मुलीने माईकवर सोय जाहीर केली. जे पैसे परत मागणार नाहीत, त्यांना कंपनी आजच बसने पोचवेल, आणि त्यांचं विमानाचं तिकीट वर्षभर कधीही वापरता येईल. लोकांनी आपापसांत हिशेब केला. संध्याकाळी घरी पोचायचं, आणि वर पुन्हा एकदा विमानात बसायचं. तीन बॅगांच्या बाई तर म्हणाल्या, "हे तर वादळ आल्यामुळे फायदाच झाला म्हणायचं." मधल्या खिडकीपुढची रांग वितळली.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण डावीकडच्या अकरा मालकांची रांग छोटी दिसत होती. छोटी रांग दिसली की माणसाला वाटतं, तिथे काहीतरी विशेष मिळणार आहे. उजवीकडून कुजबुज सुरू झाली की मालकांना पुढची सीट मिळते. कोणी म्हणालं, त्यांना चहा पण आहे. एका चष्मेवाल्या तरुणाने फोन काढला, कंपनीचा एक शेअर विकत घेतला आणि डावीकडे जाऊन उभा राहिला.

"एक चालतो?" बाईंनी विचारलं.

"मालक म्हणजे मालक," तरुण म्हणाला.

शेअर सकाळपासून पडून स्वस्तच झाला होता. अर्ध्या तासात अकराचे चौतीस मालक झाले. एका आजोबांनी नातीला फोन करून एक घ्यायला लावला. ज्यांना शेअर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यांना डॉक्टर समजावून सांगू लागले, आणि समजावताना त्यांनी स्वतःही आणखी पन्नास घेतले.

चौतीस मालक नाक वर करून उभे राहिल्यावर कंट्रोलरांनी माईक घेतला. "मालक मंडळी, ऐका. आपल्या घरी पाहुणे आले की आपण आधी जेवतो का? नाही ना. म्हणजे आधी बाकीचे प्रवासी चढतील. तोवर निम्म्यांनी पाणी आणि बिस्किटं वाटायची, निम्म्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या बॅगा गाडीपर्यंत न्यायच्या. मालक शेवटच्या गाडीने जातील. मागच्या सीटवर."

चष्मेवाला तरुण हसत सुटला आणि त्याने तीन बॅगांच्या बाईंच्या दोन बॅगा उचलल्या. खरं तर बाईही आता मालकीण होत्या, पण त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. डॉक्टर पाण्याचे ग्लास घेऊन फिरू लागले आणि वाटता वाटता ज्याचा दात दुखत होता त्याला गाठून सल्लाही देऊ लागले. उजवीकडच्यांना इतकी बडदास्त आयुष्यात मिळाली नव्हती. एक आजी म्हणाल्या, "कंपनी कुठली का असेना, मालक मात्र शहाण्या आईबापांची पोरं आहेत."

गाड्या लागल्या. कंट्रोलर फलाटावर, म्हणजे विमानतळाच्या दाराशी, यादी घेऊन उभे राहिले. नाव पुकारायचं, खूण करायची, दार लावायचं, हात दाखवायचा. पहिली गाडी मिनिटावर सुटली. दुसरी दोन मिनिटं आधी भरली तरी त्यांनी ती वेळेवरच सोडली, कारण आधी सुटणारी गाडी ही उशिरा सुटणाऱ्या गाडीइतकीच बेशिस्त असते. त्यांना इतका आनंद झाला होता की सुटलेल्या गाडीलाही ते वळणापर्यंत हात दाखवत राहिले.

फोन वाजला. "भाऊजी," टक्केमामाचा आवाज गोंधळलेला होता, "काय समजत नाही. पडायचा थांबला. उलट पाऊण टक्का वर सरकलाय."

"सरकणारच," कंट्रोलर म्हणाले. "आम्ही इथे आहोत ना."

वादळ दुपारनंतर समुद्राकडे वळलं होतं आणि बाजाराला त्याची बातमी लागली होती. तेवीस माणसांनी घेतलेल्या एकेका शेअरने एवढी मोठी कंपनी हलत नसते. पण हे कंट्रोलरांना त्या दिवशी कोणी सांगितलं नाही, आणि पुढेही कोणी सांगायला गेलं नाही. गेलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

शेवटच्या गाडीआधी काउंटरवरची मुलगी धावत आली. आता तिच्या चेहऱ्यावर तिचं स्वतःचं हसू होतं.

"सर, वरून फोन होता. सगळ्या शहरांत पैसे परत मागणाऱ्यांच्या रांगा आहेत. फक्त आपल्याकडे नाही. साहेब विचारतायत, तिथे कोण आहे."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मालक आलेत."

कंट्रोलर लाजले. "म्हणजे एकानेही पैसे परत मागितले नाहीत?"

"जवळजवळ नाहीच," मुलगी म्हणाली आणि घाईने यादीत बघू लागली.

मालकांची गाडी सुटली. डॉक्टर मागच्या सीटवर दोन बॅगांच्या मध्ये बसून शेअरबाजारावर बोलत होते, आणि सगळे ऐकत होते. कंट्रोलर बायकोशेजारी येऊन बसले. दिवसभरात त्यांना तिच्याकडे बघायलाही सवड झाली नव्हती. ती खिडकीपाशी शांत बसली होती. तिला बघताच त्यांना करार आठवला, आणि सगळा आनंद पायापर्यंत उतरला. एकशे अडतीस माणसं त्यांनी वाटेला लावली होती. पण विमान सुटलं नव्हतं. शब्द म्हणजे शब्द.

त्यांनी खिशातून फोन काढला. "ठरलं होतं तसं. टक्केमामाला सांगतो, उद्या बाजार उघडला की सगळे विकून टाक. गवंड्याला परवा बोलवू."

"विकू नका," बायको म्हणाली.

त्यांना वाटलं, दिवसभर आपला पराक्रम बघून तिचं मन पालटलं. त्यांनी फोन पुन्हा खिशात ठेवला. "अगं, पण ओटा?"

तिने आपला फोन त्यांच्यापुढे धरला. कंपनीचा निरोप होता. दोन तिकिटांचे पूर्ण पैसे परत, मंजूर. वेळ होती दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

कंट्रोलरांनी तो निरोप दोनदा वाचला. "तू पैसे परत घेतलेस?"

"मधली खिडकी रिकामीच होती. तुम्हीच सगळ्यांना उठवून नेलंत. त्या पोरीने बघितलं आणि दोन मिनिटांत करून दिलं."

"अगं, मी तिकडे घसा फोडून लोकांना सांगत होतो—"

"ऐकत होते मी. छान बोललात. तो उजव्या खिशाचा मुद्दा तर फारच आवडला."

"आणि तरीसुद्धा?"

"शेअर तुमच्या खिशात आहेत. तिकिटं माझ्या पैशांची होती."

कंट्रोलरांनी तिचा फोन तिला परत दिला. मग त्यांच्या दुसरंच लक्षात आलं आणि ते दचकले. "मग या गाडीत आपण कसे? यादीत तर आपलं नाव चालणार नाही."

"जादा गाडी आहे ना? मग तुमचा निवृत्तीचा पास चालतो, आणि त्यावर बायको पण चालते. कंडक्टरला मघाशीच दाखवला." तिने पिशवी मांडीवर नीट घेतली. "ओट्याची सुरुवात या पैशांतून होईल. बाकीचं पुढे बघू. पण शेअर विकायचे नाहीत हं. वादळात सुद्धा एका शब्दाने न भांडता पैसे परत देणारी कंपनी आहे, असली कंपनी हातची घालवू नये माणसाने."